शहराच्या वेशीवरचं गाव: प्लॉट पडण्याआधी रस्ता, पाणी आणि गायरान कसं राखायचं

नाशिक शहराची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 10,77,236 होती, 2011 मध्ये ती 14,86,053 झाली. दहा वर्षांत चार लाख माणसं वाढली, आणि त्यानंतरची वाढ महापालिकेच्या हद्दीत मावलेली नाही. 1982 साली महापालिका झाली तेव्हा पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव ही गावं वेशीवर होती. आज ती शहरात आहेत, आणि वेशीची जागा विल्होळी, शिंदे, पळसे, माडसांगवी, चांदशी, जलालपूर, गोवर्धन, बेळगाव ढगा, महिरावणी यांनी घेतली आहे. अशा गावात दर महिन्याला कुठला तरी गट विकला जातो, आठवड्याभरात चुन्याच्या रेघा पडतात आणि रस्त्याला फलक लागतो.

हा लेख अशाच गावांतल्या सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि तरुण मंडळींसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: घरं येणारच, ती थांबवायच्या मागे लागू नका. रस्ता, ओढा, विहीर आणि गायरान यांच्या जागा मात्र घरं येण्याआधी नक्की करा. एकदा कंपाउंडची भिंत उभी राहिली की तीन मीटरची पाणंद नऊ मीटरची करायला एक पिढी जाते.

कोणाच्या हातात काय आहे

नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 2017 साली स्थापन झालं. महापालिका हद्दीबाहेरची नाशिक तालुक्यातली आणि शेजारच्या तालुक्यांतली बरीच गावं त्याच्या क्षेत्रात येतात. तुमचं गाव त्यात आहे का, जमिनीचे झोन कोणत्या योजनेनुसार ठरलेत, आणि गावठाणातल्या बांधकामाची परवानगी नेमकी कोण देतं, हे तीन प्रश्न प्राधिकरणाला ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं.

बांधकामाचे नियम एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. ती 2 डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे. जमिनीच्या वापराचा बदल महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 42 आणि त्याच्या पोटकलमांखाली होतो. वेशीवरच्या गावाने त्यातलं 42-ड मुद्दाम वाचावं: गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर तिचा निवासी वापर सोपा होतो. थोडक्यात, गावठाणाभोवतीचं हे कडं सगळ्यात आधी भरणार आहे. नियोजनाची सुरुवात तिथूनच करा.

ग्रामपंचायतीला मोठ्या परवानग्यांचा अधिकार नसला तरी तिच्या हातात तीन गोष्टी आहेत: गावाची नोंद, ग्रामसभेचा ठराव आणि हरकत. पुढचं सगळं काम या तिन्हींवर चालतं.

गिरणारे-त्र्यंबक बाजूच्या गावांनी आणखी एक गोष्ट तपासावी. नाशिक तालुक्याचा काही भाग, आणि त्र्यंबकेश्वर, पेठ, दिंडोरी, इगतपुरी या बाजूची अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू आहे, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणावर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36-अ चं बंधन आहे. गावाच्या आराखड्यावर पाड्यावरच्या माणसांची संमती नसेल तर तो आराखडा अपुरा आहे. हे मी कायद्यासाठी म्हणत नाही. डोंगराच्या पायथ्याची गुरचरण आणि झरे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसतात, म्हणून म्हणतो.

पहिलं काम: कागद एका टेबलावर आणा

गाव नकाशा, गटांचे नकाशे, गायरान व सरकारी गटांचे सातबारे आणि निस्तार पत्रक ही कागदपत्रं भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून (म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडून) मिळवा. निस्तार पत्रकाकडे सहसा कोणी बघत नाही. गावातली सामाईक जमीन कोणत्या कामासाठी, म्हणजे चराईसाठी, स्मशानासाठी, खळ्यासाठी, गुरांना पाणी पाजायला, ते त्यात लिहिलेलं असतं. पुढे वाद झाला तर हा कागद बोलतो.

गावठाणासाठी स्वामित्व योजनेतला ड्रोन मोजणीचा नकाशा घ्या. ही योजना 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली आणि तिच्यातून घरांच्या मिळकत पत्रिका तयार होतात. मिळकत पत्रिका झाल्या म्हणजे गावठाणातल्या गल्ल्या आणि मोकळ्या जागाही मोजल्या गेल्या. त्या सार्वजनिक म्हणून नोंदल्या आहेत की कोणाच्या नावे गेल्या, ते एकेक करून तपासा.

ग्रामपंचायतीकडचा नमुना 8, म्हणजे घरांची आकारणी यादी, गावठाण आणि मळे-वस्त्या असा वेगवेगळा काढा. एक गोष्ट घर घेणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: नमुना 8 वर नाव लागलं आणि घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही.

हे सगळं एका मोठ्या कागदी नकाशावर उतरवा. संगणकावरचा नकाशा उपयोगी आहे, पण ग्रामसभेत चार म्हातारी माणसं कागदी नकाशावरच बोट ठेवून बोलतात, आणि त्यांच्या बोटाखाली हमखास एखादा बुजलेला ओढा निघतो.

शिवार फेरी

नकाशा हातात घेऊन शिवारात फिरा. एकदा उन्हाळ्यात फिरा, म्हणजे कोणती विहीर कधी आटते ते कळतं. एकदा जोराच्या पावसानंतर लगेच फिरा, म्हणजे पाणी कुठे तुंबतं, कोणत्या मोरीवरून वाहतं ते दिसतं. सोबत गुराखी, पाणी सोडणारा कर्मचारी, आशाताई आणि मळ्यात राहणाऱ्या दोन-तीन बाया असू द्या. गटाच्या मालकाला स्वतःचा बांध माहीत असतो. ही माणसं पूर्ण शिवार तुडवतात.

चार गोष्टी रंगीत पेन्सिलने नोंदवा. ओढे-नाले निळ्याने, त्यात बुजवलेलेही. पाणंद, शिवरस्ते आणि गाडीवाटा लाल रंगाने, आणि ठिकठिकाणी आज प्रत्यक्षात उरलेली रुंदी टेपने मोजून लिहा. विहिरी, बोअर, पाझर तलाव वेगळ्या खुणेने. आणि चौथी म्हणजे जमिनीचा पोत. गोदावरीच्या काठाने काळी, खोल जमीन आहे. टेकडाच्या उतारावर मुरमाड. मुरमाड जमिनीवर घराचा पाया स्वस्तात बसतो आणि शेतीचं नुकसान कमी होतं. काळी जमीन घराच्या पायाला त्रास देते आणि पिकाला सोनं देते. तरीही प्लॉटिंग काळ्या जमिनीत आधी होतं, कारण रस्ता तिच्या कडेने गेलेला असतो. आराखड्यातला रस्ता मुरमाड बाजूने वळवता आला तर घरं आपोआप तिकडे जातात. गावाच्या हातातलं हे फार मोठं हत्यार आहे.

द्राक्षपट्ट्यातल्या गावांनी पाचवी खूणही करावी: बाग आणि नवी वसाहत कुठे एकमेकींना भिडतात. पहाटे ब्लोअरने फवारणी सुरू झाली की शेजारच्या रो-हाउसमधून तक्रार येते, आणि फवारणी चुकवली तर बागायतदाराचं वर्ष जातं. दोघांचंही बरोबर असतं. तिथे मध्ये रस्ता किंवा झाडांचा दाट पट्टा ठेवायचं आताच ठरवा.

माणसं मोजा, यादीबाहेरचीही

2011 ची जनगणना आता उपयोगाची नाही आणि मतदार यादीत भाडेकरू सहसा नसतो. अंबड, सातपूर, गोंदे इथल्या कारखान्यांत कामाला जाणारी कितीतरी कुटुंबं वेशीवरच्या गावांत खोली करून राहतात. पाणी तीही पितात, त्यांची मुलंही अंगणवाडीत येतात. म्हणून घरं मोजा. नमुना 8 वरची घरं, महावितरणची घरगुती जोडणी आणि अंगणवाडीचं सर्वेक्षण यांचा मेळ घाला. तीन आकडे जुळणार नाहीत. कुठे जुळत नाहीत, तिथेच नवी वस्ती आहे.

मग पुढची वीस वर्षं बघा. गेल्या पाच वर्षांत घरं दरसाल किती टक्क्यांनी वाढली ते काढा. 70 ला त्या टक्केवारीने भागलं की घरं दुप्पट व्हायला लागणारी साधारण वर्षं मिळतात: 5 टक्के वाढ असेल तर 14 वर्षं, 7 टक्के असेल तर 10. रिंगरोड किंवा सिंहस्थाच्या कामांमुळे एखादा मोठा रस्ता शिवारातून जाणार असेल, तर वाढ यापेक्षा जास्त धरा.

या आकड्यावरून शाळा-अंगणवाडीच्या जागा ठरतात. सर्वसाधारण भागात 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा. नव्या वसाहती गावठाणापासून दीड-दोन किलोमीटरवर पडत असतील तर जुन्या शाळेत खोल्या वाढवून भागणार नाही, तिकडे जागा लागेल.

पाण्याचा हिशोब

समजा गाव आज 5,000 वस्तीचं आहे आणि वीस वर्षांत 12,000 होईल. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. त्या हिशोबाने आज 2.75 लाख लिटर लागतं आणि पुढे 6.6 लाख. पण फ्लॅट आणि रो-हाउसमध्ये राहायला येणारी माणसं शहरी सवयीची असतात, आणि शहरी योजनांचा निकष माणशी 135 लिटरचा आहे. तसं धरलं तर रोजचं पाणी 16.2 लाख लिटरवर जातं. आजच्या जवळपास सहापट. पाण्याची टाकी, मोटर आणि उद्भव (म्हणजे पाणी जिथून उचलतो ती विहीर, बोअर किंवा तलाव) याच आकड्यावर तपासा.

आपल्याकडे बेसाल्ट खडक आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. एका लेआउटमध्ये पाच-सात खोल बोअर पडले की शेजारची शंभर वर्षांची विहीर उतरते. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला लेखी विनंती करून सार्वजनिक विहिरीचं पुनर्भरण क्षेत्र नकाशावर आखून घ्या. त्या भागात नवा लेआउट आला तर ग्रामपंचायतीचा आग्रह ठरलेला असू द्या: छतावरचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय, आणि प्रत्येक प्लॉटला वेगळं बोअर न घेता सामाईक व्यवस्था.

गंगापूर, दारणा, मुकणे, काश्यपी ही धरणं आपल्या अंगणात आहेत, म्हणून पाणी आपलंच असं समजू नका. धरणातलं पिण्याचं पाणी मंजूर आरक्षणाने मिळतं, आणि त्यासाठी जलसंपदा विभागाकडे मागणी, करार आणि पाणीपट्टी लागते. एकट्या गावाला हे झेपत नाही. चार-पाच गावांनी मिळून प्रादेशिक योजनेची मागणी केली तर तिला वजन येतं.

न बांधायच्या जागा आधी रंगवा

गोदावरी, वालदेवी, दारणा यांच्या काठच्या गावांनी जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर घ्याव्यात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर नको. सप्टेंबर 2008 चा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नव्याने राहायला आलेल्यांना मात्र सांगावं लागतं. लहान ओढ्यांना सहसा अधिकृत पूररेषा नसते. तिथे पावसातल्या शिवार फेरीत जिथपर्यंत पाणी दिसलं ती ओळ आखा आणि ठरावात लिहा.

गायरानाचं मला सगळ्यात जास्त वाटतं. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश दिले, आणि राज्य सरकारनेही त्याच वर्षी 12 जुलैला शासन निर्णय काढला. तरीही गायरान जातं, कारण ते ओस दिसतं. ओस दिसू देऊ नका. मोजणी करून हद्दीचे दगड रोवा, चर खणा, काही भागात चिंच, करंज, आवळा लावा, आणि उरलेल्यावर चराई चालू ठेवा. शाळा, स्मशान, सांडपाणी केंद्र अशी उद्याची गरज असेल तर तिच्यासाठी विशिष्ट क्षेत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर मागा. ज्या गायरानावर गरीब कुटुंबांची जुनी घरं आहेत, तिथे यादी नीट करून शासनाच्या घरकुल व नियमितीकरणाच्या मार्गाने प्रश्न सोडवा. त्यांच्या नावाआड मोठा कब्जा लपू देऊ नका.

सारूळ-राजूर बहुला पट्ट्यासारख्या डोंगर फोडणाऱ्या खाणी शिवाराला लागून असतील तर डोंगराचा उतारही याच रंगात रंगवा. तिथून ओढे निघतात.

रस्ते: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

वेशीवरच्या गावाचं वाटोळं रस्त्यांनी होतं, आणि भलंही त्यांनीच होतं. प्रत्येक लेआउट आपल्यापुरते 9 मीटरचे रस्ते दाखवतो. ते आत छान असतात आणि बाहेर पडताना तीन मीटरच्या पाणंदीला मिळतात. शेजारचा लेआउट त्याच हद्दीवर भिंत घालतो. दहा लेआउट झाले की दहा बंद गल्ल्या तयार होतात, आणि घंटागाडी, शाळेची बस, अग्निशमनाचा बंब, सगळे एकाच पाणंदीत अडकतात. गिरणाऱ्यासारख्या गावात टोमॅटोच्या हंगामात पिकअप आणि ट्रॅक्टरची रांग त्यात मिळवा.

करायचं काय? नकाशावर आधी तीन किंवा चार मुख्य रस्ते ठरवा, शक्यतो जुन्या पाणंदी आणि शिवरस्त्यांवरून, कारण त्यांना नकाशाचा आधार आहे. मग दोन मुख्य रस्त्यांना जोडणारे आडवे रस्ते साधारण 250-300 मीटरवर आखा. जिथे एखादा आडवा रस्ता दोन गटांची हद्द ओलांडतो, तिथे लाल ठिपका द्या. हे लाल ठिपके म्हणजे तुमच्या आराखड्याचा जीव. ‘गट अमुक आणि गट तमुक यांच्या हद्दीवर या ठिकाणी रस्ता जोडला जावा’ अशी यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडा आणि प्राधिकरणाला पाठवा. मंजुरीसाठी लेआउट येईल तेव्हा तपासायला काहीतरी ठोस असेल.

रुंदीकरणाचा हिशोब शेतकऱ्यांसमोर आकड्यात मांडा. तीन मीटरची पाणंद नऊ मीटर करायची तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर जागा लागते. एका किलोमीटरला 6,000 चौरस मीटर, म्हणजे साधारण 59 गुंठे, दीड एकर. आज त्या दीड एकरात बांध, बाभळी आणि बागेची शेवटची ओळ आहे. दहा वर्षांनी तिथे भिंती, बोअर आणि विजेचे खांब असतील. ज्यांची जमीन जाणार त्यांच्या गटाला नऊ मीटरचं तोंड मिळालं की उरलेल्या जमिनीची किंमत वाढते. हे खरं आहे आणि मोकळेपणाने सांगावं. पण ज्याची सगळी जमीन दहा गुंठे आहे त्याच्याकडून तेवढीच पट्टी मागू नका. त्याच्या बाजूला कमी, समोरच्या मोठ्या गटाच्या बाजूला जास्त, असं बसवता येतं. संमती मिळाली की ती कागदावर घ्या आणि रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात लावून घ्या. अडवलेली जुनी वाट मोकळी करायची असेल तर तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली जाता येतं.

सगळ्या मालकांची तयारी असेल तर नगररचना योजना हा मार्गही आहे. सगळ्यांची जमीन एकत्र करायची, रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि प्रत्येकाला चौकोनी, रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड परत द्यायचा. मखमलाबाद-हनुमानवाडी परिसरात स्मार्ट सिटीतून अशी योजना पुढे आली तेव्हा शेतकऱ्यांनी मोठा विरोध केला. त्यावरून मी एवढंच घेतो की कोणाला किती परत मिळणार, कुठे आणि कधी, हे आधी कागदावर दाखवल्याशिवाय शेतकऱ्याकडे सही मागू नये.

लेआउट आला की काय तपासायचं

ना हरकत मागायला आलेल्या प्रत्येकाला एकच लेखी यादी द्या, ओळखीच्याला वेगळी नको. लाल ठिपक्याला रस्ता जोडला आहे का? ओढा नकाशात त्याच्या मूळ रुंदीने दाखवला आहे का, की पाइपात घातला आहे? पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठे जाणार? 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती एका जागी, रस्त्याला लागून आणि सपाट आहे, की उरलेले त्रिकोण जोडून दाखवली आहे? 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा.

एक युक्ती सगळीकडे दिसते: मोठा गट 40 गुंठ्यांच्या आतल्या तुकड्यांत वेगवेगळ्या नावांवर करायचा, म्हणजे मोकळी जागा सोडायचा प्रश्नच येत नाही. फेरफार दर महिन्याला बघा. एकाच गटाचे तीन-चार फेरफार लागोपाठ दिसले तर प्राधिकरणाला तेव्हाच कळवा. गुंठा-दोन गुंठ्यांच्या विक्रीबाबत 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत. व्यवहार नियमित झाला तरी रस्ता आणि पाणी त्यातून येत नाही, हे घेणाऱ्याला आधीच सांगा.

लेआउट पूर्ण झाल्यावर रस्ते आणि मोकळी जागा ग्रामपंचायतीच्या ताब्यात आल्याचा कागद घ्या, सातबाऱ्यावर नोंद लावा, आणि तिथे फलक लावा. हा कागद राहून गेला की काही वर्षांनी मोकळ्या जागेवर प्लॉट नंबर पडतो.

सांडपाणी, कचरा

पुरवलेल्या पाण्याचा साधारण 80 टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर येतो. वरच्या उदाहरणात रोज 13 लाख लिटर. ते ओढ्यात सोडलं की गोदावरीतून खाली नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत जातं, जिला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) मिळाल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं. तेव्हा गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला, ओढ्याच्या पुराबाहेर, एक-दोन एकर जागा शुद्धीकरणासाठी आताच राखून ठेवा. यंत्र पुढे बसेल, जागा पुढे मिळणार नाही. तोवर शोषखड्डे, आणि सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायची सक्ती. उपसलेला मैला कुठे रिता होतो तेही विचारा. घंटागाडी आणि कचरा वेगळा करण्याचं शेड चार-पाच ग्रामपंचायतींनी मिळून चालवलं तर खर्च परवडतो.

पैसा

घरपट्टी, पाणीपट्टी, मुद्रांक शुल्क अनुदान आणि वित्त आयोग, हे मुख्य स्रोत. वेशीवरच्या गावात खरेदीखतं जास्त होतात, म्हणून मुद्रांक शुल्काचं अनुदान मागे लागून वेळेवर घ्या. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होती. पाणी आणि सांडपाण्याची कामं तशाच निधीत बसवा, आणि मोकळा पैसा रस्त्याच्या मोजणीला, हद्दीच्या दगडांना ठेवा. मोजणीची फी भरायला कोणी उत्साहाने तयार होत नाही, पण सगळ्यात जास्त परतावा तिथेच आहे. ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखड्यात ही कामं नावानिशी आणि गट क्रमांकानिशी लिहा.

ठराव आणि हरकत

आराखडा आधी महिला सभेत मांडा, नंतर ग्रामसभेत. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यापैकी जी संख्या कमी असेल ती. सह्या मोजून घ्या, नकाशावर ग्रामसभेची तारीख आणि ठराव क्रमांक टाका, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. प्रती प्राधिकरण, नगररचना विभाग, तहसीलदार, गटविकास अधिकारी आणि जलसंपदा विभागाला पाठवा, पोच घेऊन.

प्राधिकरणाची किंवा प्रदेशाची योजना प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते तेव्हा जाहिरातीत हरकतींची मुदत दिलेली असते. त्या मुदतीत गावाची एक सामूहिक हरकत नकाशासह द्या, आणि जमीनमालकांनी आपापल्या वेगळ्या द्याव्यात. सुनावणीला दोघं-तिघं जा: एक ज्याला कागद माहीत आहे, एक ज्याला शिवार माहीत आहे. आरक्षण नको असेल तर नुसतं नको म्हणू नका, पर्यायी गट सुचवा. योजना अंतिम झाल्यावर 10 वर्षांत आरक्षणाची जमीन घेतली नाही तर मालकाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देता येते, आणि गावाला हवी असलेली शाळेची किंवा मैदानाची जागा अशीच हातची जाते. म्हणून आरक्षणं आणि त्यांच्या तारखा एका वहीत ठेवा आणि नवव्या वर्षाची वाट न बघता पाठपुरावा सुरू करा. निवडणुकीनंतर नवी कार्यकारिणी आली की जुन्या सरपंचाने ही वही, नकाशा आणि पोचपावत्यांची फाइल यादी करून, सही घेऊन तिच्या हवाली करावी.